यादीतली माणसं गायब कशी होतात? 'एकेक रेकॉर्ड' विरुद्ध 'एसक्यूएल'ची जुनी भानगड

मोबाईलवर कमेंट्स वाचत तुम्ही खाली खाली चाललाय. 'आणखी दाखवा' दाबलं आणि आत्ताच वाचलेल्या दोन कमेंट्स परत समोर आल्या. तुम्ही दुर्लक्ष करता, पुढे सरकता. विषय संपला.

आता हेच एका पतसंस्थेत झालं असं समजा. सभासद 60 हजार, त्यातले थकबाकीदार 2,000. संस्थेचं सॉफ्टवेअर 20-20 नावांची पानं करून सगळ्यांना नोटीस पाठवतं. काम पूर्ण झाल्याचा मेसेज येतो, कुठे एरर नाही, क्लार्क कॉम्प्युटर बंद करून घरी जातो. प्रत्यक्षात नोटीस गेलेली असते फक्त 1,000 जणांना. पुढे वसुलीच्या वेळी एखादा सभासद सांगतो की मला नोटीसच आली नाही, तेव्हा सगळ्यांना वाटतं हा बहाणा करतोय. तो मात्र खरं बोलत असतो.

बरोबर निम्मी माणसं गायब होतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. ते गणित खाली येईलच. पण त्याआधी हे बघू की कॉम्प्युटर यादी वाचतो कशी. त्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचं भांडण गेली पन्नासेक वर्षं चालू आहे.

पहिली पद्धत : बोट ठेवून वाचणं

जुन्या दुकानातली खतावणी बघितली असेल तर आठवेल. जाडजूड वही, कडेला अक्षरांच्या कापलेल्या पट्ट्या. 'प' ची पट्टी धरून वही उघडायची, पाटीलपाशी बोट ठेवायचं आणि एकेक ओळ खाली सरकायचं. हवं ते नाव मागे राहिलं तर बोट वर न्यायचं. मध्ये फोन आला तरी बोट जागेवर असतं.

एकेक रेकॉर्ड हाताळण्याची पद्धत म्हणजे नेमकं हेच. 'रेकॉर्ड' म्हणजे एका सभासदाची एक नोंद. कडेच्या पट्ट्या म्हणजे 'इंडेक्स'. आणि बोट म्हणजे फाईलमधली सध्याची जागा, जी कॉम्प्युटर स्वतः लक्षात ठेवतो.

आयबीएमने 1988 मध्ये एएस/400 नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याचा वारसदार आज 'आयबीएम आय' या नावाने चालतो, आणि जगभरातल्या बँका, गोदामं, कारखाने अजून त्यावर काम करतात. त्यावरची लाडकी भाषा म्हणजे आरपीजी. त्यात 'सेट-एलएल' नावाची आज्ञा आहे. तिला 'पाटी' एवढी अक्षरं दिली, की ती पाटीपासून सुरू होणाऱ्या पहिल्या नोंदीच्या तोंडाशी नेऊन उभी करते. तसं नाव नसेलच तर त्याच्या पुढच्या नावापाशी. मग 'रीड' म्हटलं की पुढची नोंद, 'रीड-पी' म्हटलं की मागची.

आपल्याकडे बऱ्याच लोकांना ही पद्धत माहीत झाली ती डीबेस आणि फॉक्सप्रोमुळे. निळ्या किंवा काळ्या स्क्रीनवर चालणारी मेडिकलची, अडतीची, सोसायटीची सॉफ्टवेअर आठवतात? त्यातली कित्येक यातच लिहिलेली होती. 'सीक' म्हणजे शोध, 'स्किप' म्हणजे एक पाऊल पुढे, 'स्किप वजा एक' म्हणजे एक पाऊल मागे. काउंटरवरचा माणूस दोन-तीन अक्षरं टाईप करायचा आणि यादी झटक्यात तिथे उडी मारायची. माऊसला हात न लावता, नजर गिऱ्हाईकावर ठेवून.

हा वेग भास नव्हता. 60 हजार नोंदींपैकी स्क्रीनवर दिसणाऱ्या वीसच वाचायच्या असतील तर वीसच वाचल्या जायच्या. यादी 600 ची असो की 6 लाखांची, काउंटरवरच्या माणसाला फारसा फरक जाणवायचा नाही.

दुसरी पद्धत : चिठ्ठी आत पाठवणं

1970 मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं होतं की माहिती आत कुठे, कशी रचून ठेवलीय, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत असायची गरजच नसावी. त्याने फक्त काय हवंय ते सांगावं. ते कसं शोधायचं, हे डेटाबेसने बघावं.

गंमत म्हणजे याच्या उलट बाजूलाही तोलामोलाचा माणूस होता. चार्ल्स बाकमन यांना 1973 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि त्यांच्या भाषणाचं शीर्षकच होतं 'प्रोग्रॅमर अ‍ॅज नॅव्हिगेटर'. म्हणजे प्रोग्रॅमर हा माहितीच्या समुद्रात एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर वाट काढत जाणारा नावाडी. कॉड यांना हा नावाडीच नको होता. कॉड यांनाही पुढे 1981 मध्ये ट्युरिंग पारितोषिक मिळालं, म्हणजे दोन्ही पक्षांना बक्षीस!

कॉड यांच्या कल्पनेवरून आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉईस यांनी 1974 मध्ये 'सीक्वेल' ही भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल.

वहीचं उदाहरण पुढे न्यायचं तर एसक्यूएलमध्ये वही तुमच्या हातात येतच नाही. खिडकीतून चिठ्ठी आत सरकवायची : 'शिरूर तालुक्यातले, पन्नास हजारांच्या वर थकलेले सभासद, मोठ्या रकमेपासून उतरत्या क्रमाने द्या.' आतला माणूस कुठली वही उघडायची, कुठली पट्टी धरायची ते ठरवतो आणि तयार कागद बाहेर देतो.

हीच मागणी बोट ठेवून वाचणाऱ्याकडे करा. त्याची वही नावाप्रमाणे लावलेली आहे. रकमेप्रमाणे हवं असेल तर वेगळा इंडेक्स लागणार. तालुक्याप्रमाणे, त्यात रकमेप्रमाणे हवं असेल तर आणखी वेगळा. नाहीतर 60 हजार नोंदी पहिल्यापासून वाचत बसायचं. साहेबांनी नवीन रिपोर्ट मागितला की प्रोग्रॅमरला बोलवा, हा प्रकार त्यातूनच आला.

दुसरी अडचण नेटवर्कची होती. फॉक्सप्रोत पाच कॉम्प्युटर एकच फाईल शेअर करायचे. प्रत्येक जण इंडेक्सचे तुकडे स्वतःकडे ओढून आणायचा, लिहायचा, परत पाठवायचा. मध्येच लाईट गेली की इंडेक्स खराब. मग सगळ्यांनी बाहेर पडा, 'रीइंडेक्स' चालवा, तोवर चहा. ज्यांनी त्या काळात काउंटर सांभाळलाय त्यांना हा शब्द चांगलाच आठवत असेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ फाईलला फक्त सर्व्हर हात लावतो आणि बाहेर येतं ते तयार उत्तर. (दोष भाषेपेक्षा मांडणीचा होता, हेही खरं. एएस/400 वर एकेक रेकॉर्ड वाचणारे प्रोग्राम त्याच मशीनवर चालतात, त्यांना हा त्रास नाही.)

मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये फॉक्सप्रो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि 2015 मध्ये शेवटच्या आवृत्तीचा सपोर्टही संपवला. साहजिकच ही सॉफ्टवेअर नव्याने, एसक्यूएलवर लिहिली गेली. आणि इथेच यादीचा घोळ सुरू झाला.

पान नंबर दोन नावाचा सापळा

एसक्यूएलला बोट नाही. तुम्ही चिठ्ठी दिली, कागद मिळाला, व्यवहार संपला. पुढची चिठ्ठी दिलीत की आतला माणूस तुम्हाला ओळखतही नाही. मग यादीचं दुसरं पान मागायचं कसं?

सगळ्यात सोपा मार्ग, जो जवळपास प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये पहिल्यांदा शिकवतात : 'पहिली 20 सोडा, पुढची 20 द्या.' तिसऱ्या पानासाठी 'पहिली 40 सोडा'. याला 'ऑफसेट' म्हणतात.

यादी गोठलेली असेल तर हे ठीक चालतं. पण चालू धंद्यातली यादी गोठलेली नसते. तुम्ही पहिलं पान बघताय, तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर 'अडसूळ' आडनावाच्या नवीन सभासदाची नोंद झाली. सगळी यादी एका घराने खाली सरकली. तुमच्या पानावरचा विसावा माणूस आता एकविसावा झाला, म्हणून दुसऱ्या पानावर तोच पुन्हा पहिला दिसणार. कमेंट दोनदा दिसण्याचं एक कारण हेच.

याच्या उलटं जास्त वाईट. पहिल्या वीसमधल्या कुणीतरी थकबाकी भरली आणि तो यादीतून बाहेर गेला. एकविसावा माणूस वर सरकून विसावा झाला. तुम्ही मात्र 'पहिली 20 सोडा' म्हणताय. म्हणजे तो पहिल्या पानावर नव्हता आणि दुसऱ्यावरही येणार नाही. एकाने पैसे भरले आणि दुसरा माणूस नजरेआड झाला.

आता सुरुवातीचं नोटिशींचं गणित. यादीची अट आहे 'थकबाकीदार, ज्यांना नोटीस गेलेली नाही'. प्रोग्रामने पहिल्या 20 जणांना नोटीस पाठवली आणि त्यांच्यापुढे 'पाठवली' अशी खूण केली. ते वीसही जण यादीतून बाहेर. यादी 1,980 ची उरली, आणि तिच्यात सगळ्यात वर आले मूळचे 21 ते 40. प्रोग्राम म्हणतो, 'पहिली 20 सोडा.' ते वीस सुटले. नोटीस गेली मूळ 41 ते 60 ला. पुढच्या फेरीत 61 ते 80 सुटणार. असं एकाआड एक पान सुटत जातं. 50 फेऱ्यांनंतर 1,000 जणांना नोटीस गेलेली असते, यादीत 1,000 उरलेले असतात, आणि प्रोग्राम म्हणतो 'पहिली 1,000 सोडा'. पुढे कुणीच नाही. काम झालं!

20 सभासदांच्या डेमो डेटावर ही चूक दिसतच नाही, कारण तिथे एकच पान असतं.

शिवाय वेग. 'पहिली 59,980 सोडा' म्हटल्यावर डेटाबेस हवेतून उडी मारत नाही. साधारणपणे तेवढ्या नोंदी मोजत पुढे जातो आणि टाकून देतो. म्हणून पहिलं पान झटकन येतं आणि शेवटची पानं रडत रडत येतात. जुन्या सॉफ्टवेअरवर काम केलेली माणसं मग म्हणतात, 'नवीन सिस्टीमपेक्षा ती काळी स्क्रीनच बरी होती.' त्यांना आपण जुन्या वळणाची ठरवतो. पण याद्यांच्या बाबतीत त्यांची तक्रार अनेकदा शंभर टक्के बरोबर असते.

चिठ्ठीतच बोट पाठवा

उपाय अवघड नाही. 'पहिली 20 सोडा' असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, 'मी पाटील सुनील, सभासद क्रमांक 4,812 पर्यंत वाचलंय. त्याच्या पुढची 20 द्या.' जागा आकड्याने सांगायची नाही, शेवटच्या नोंदीने सांगायची. मग वर कितीही नावं घुसोत किंवा गळोत, तुमची खूण हलत नाही. आणि नाव-क्रमांकाचा इंडेक्स असेल तर डेटाबेस थेट पट्टी धरून तिथे पोहोचतो. याला 'कीसेट' पद्धत म्हणतात. बघितलंत तर ही जुन्या 'सेट-एलएल'चीच एसक्यूएलमधली बहीण आहे.

सभासद क्रमांक का जोडायचा? कारण एका तालुक्यात पाटील सुनील चौदा असू शकतात. नुसतं 'पाटील सुनीलच्या पुढचे' म्हटलं आणि पान सातव्या सुनीलवर संपलं असेल, तर उरलेले सात एका झटक्यात गायब. म्हणून क्रम लावताना शेवटी कधीही दोनदा न येणारी गोष्ट हवीच.

मागे जायचं असेल तर? उलट्या क्रमाने 'याच्या आधीची 20' मागायची आणि स्क्रीनवर दाखवताना परत सुलटी करायची. अक्षरं टाईप करून उडी मारायची असेल तर 'पाटी किंवा त्याच्या पुढचं, नावाच्या क्रमाने, 20'. इथे बरेच जण 'नावात कुठेही पाटी असलेले' अशी अट टाकतात आणि मग इंडेक्सचा उपयोगच संपतो, कारण वहीच्या कडेची पट्टी पहिल्या अक्षराची असते, मधल्या नाही.

तुम्ही रोज वापरता त्या अ‍ॅप्सनी हा धडा केव्हाच गिरवलाय. फेसबुक बाहेरच्या डेव्हलपरना याद्या देतं तेव्हा सोबत 'याच्या पुढचं' आणि 'याच्या आधीचं' अशा खुणा देतं. ट्विटरनेही आपल्या टाईमलाईनसाठी पान नंबर वापरू नका, शेवटच्या ट्विटचा क्रमांक द्या, असंच सांगितलं होतं. न संपणाऱ्या स्क्रोलला 'पान 47' नसतं, ते यामुळेही.

हे फुकट मिळत नाही. 'थेट पान 47 वर जा' ही सोय जाते. पण मला तरी नावाच्या यादीत पान 47 वर कुणाला जायचं असतं ते कळलेलं नाही. लोकांना पाटलांपाशी जायचं असतं.

आणखी एक मर्यादा. तुम्ही पुढे गेल्यावर मागे कुणाची भर पडली, तर तो तुम्हाला दिसणार नाही. काउंटरवर याने बिघडत नाही. नोटिशींसारख्या कामात मात्र नावापेक्षा सभासद क्रमांकाच्या क्रमाने जावं, कारण नाव दुरुस्त होऊ शकतं आणि माणूस यादीत इकडून तिकडे उडी मारू शकतो. आणि लाभांशासारखं पैशांचं वाटप असेल तर चालू यादीवर पानं उलटूच नयेत. ठरलेल्या क्षणाची यादी आधी वेगळ्या टेबलात उतरवून घ्यावी, मग काम करावं.

काळे आधी की काशीद?

मराठी यादीची एक खास गोची आहे. शाळेतल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' च्या नंतर. म्हणजे काशीद आधी, काळे नंतर. पण युनिकोडमध्ये 'ळ' ला जागा दिलीय 'ल' च्या लगेच पुढे. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावलं तर काळे आधी, काशीद नंतर. कुठला क्रम घ्यायचा हे डेटाबेसमध्ये ठरवता येतं, त्याला 'कोलेशन' म्हणतात.

दोन्हींपैकी काहीही निवडा, पण सगळीकडे एकच ठेवा. डेटाबेस एका क्रमाने नावं देतोय आणि स्क्रीन त्यांना दुसऱ्याच क्रमाने लावतेय असं झालं, तर शेवटचं नाव म्हणून चुकीच्या माणसाची खूण आत जाते. पुढचं पान भलतीकडूनच सुरू होतं.

मग निवडायचं काय?

आयबीएम आयवर ही निवड खरोखर समोर असते, कारण तिथे एकाच टेबलावर दोन्ही पद्धती चालतात. (फॉक्सप्रोतही पुढे एसक्यूएल आलं होतं.) माझं मत विचाराल तर एका ठरलेल्या क्रमाची, वर्षानुवर्षं नीट चालणारी जुनी यादी केवळ फॅशन म्हणून एसक्यूएलवर नेऊ नये. पण वापरणाऱ्याला तालुका, रक्कम, तारीख असे फिल्टर हवे असतील, क्रम बदलायचा असेल, तर एकेक रेकॉर्ड वाचत बसणं म्हणजे हट्ट आहे. आणि नवीन काही बनवत असाल तर एसक्यूएलच, फक्त ऑफसेटशिवाय.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हींची खिचडी. सवय जुनी, भाषा नवी. वीस नावं एका चिठ्ठीत आणायची आणि मग प्रत्येकाची शिल्लक विचारायला आणखी वीस चिठ्ठ्या आत पाठवायच्या. काम एका चिठ्ठीत होणारं, फेऱ्या एकवीस. किंवा 60 हजार नावं एकदम मागवून मोबाईलच्या मेमरीत कोंबायची आणि मग मजेत स्क्रोल करायचं.

एक गोष्ट जुन्या पद्धतीत सरळ होती : कुलूप. एकाने नोंद बदलायला उघडली की ती दुसऱ्याला बदलता यायची नाही. तोटा असा की उघडी ठेवून माणूस जेवायला गेला तर बाकीचे ताटकळत. वेबवरच्या यादीत असं कुलूप परवडत नाही. तिथे प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक देतात आणि सेव्ह करताना विचारतात, 'मी 7 वी आवृत्ती बघून बदल केलाय, अजून 7 वीच आहे ना?' नसेल तर सेव्ह होत नाही. हे तपासणं नसेल तर दोन काउंटरवर एकाच सभासदाचा फोन नंबर आणि पत्ता बदलला जातो, आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच टिकतं.

तुमच्या सोसायटीत, दुकानात किंवा संस्थेत नवीन सॉफ्टवेअर येणार असेल तर डेमोच्या वेळी हे करून बघा. अख्खा खरा डेटा भरायला सांगा, वीस नावांचा नमुना नको. एका कॉम्प्युटरवर यादीचं पहिलं पान उघडून ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच पानावरचा एक माणूस यादीतून बाहेर काढा. आता पहिल्या कॉम्प्युटरवर पुढचं पान दाबा आणि एकविसावं नाव दिसतंय का ते बघा.